देवळालीच्या तोफा आणि मांचुरियातलं युद्ध

देवळाली कॅम्पात सकाळी टपरीवर चहा घेत उभं राहिलं, की डोंगरांच्या बाजूने कधी कधी धडाम असा आवाज येतो. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. नवखा माणूस दचकतो. टपरीवाला दूध ढवळत राहतो आणि 'फायरिंग चालू आहे' एवढंच सांगतो. भारतीय सैन्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आहे. तोफखान्याचे अधिकारी आणि जवान इथल्या माळरानावर गोळा नेमका कसा टाकायचा ते शिकतात. तोफ टेकडीच्या अलीकडे, लक्ष्य पलीकडे. तोफ डागणाऱ्याला लक्ष्य दिसतच नाही. ते दिसतं पुढे उंचावर दुर्बीण लावून बसलेल्या निरीक्षकाला. तो आकडे मागे कळवतो आणि त्या आकड्यांवर तोफेचं तोंड वळतं.

आज हे तोफखान्याचं अ-आ-इ-ई आहे, पण १९०४ पर्यंत बहुतेक सैन्यं आपल्या तोफा शत्रू डोळ्यांना दिसेल अशा उघड्या जागीच मांडत. मांचुरियात रशिया आणि जपान समोरासमोर आले, तेव्हा उघड्यावरची तोफ फार वेळ टिकत नाही हे दोघांनाही मोठी किंमत देऊन कळलं. तोफा टेकड्यांमागे गेल्या, निरीक्षक टेलिफोनची तार ओढत पुढे गेले. पोर्ट आर्थरच्या वेढ्यात जपान्यांनी २०३ मीटर उंचीची एक टेकडी घेण्यासाठी हजारो माणसं घालवली, कारण तिच्या माथ्यावरून बंदरातलं रशियन आरमार दिसत होतं. ५ डिसेंबर १९०४ ला टेकडी हाती आली आणि वर बसलेल्या निरीक्षकाच्या सांगण्यावरून मागच्या २८ सेंटिमीटरच्या अवजड तोफांनी नांगरलेली जहाजं एकेक करून बुडवली. देवळालीच्या माळावर आज जे शिकवतात, त्याचा पहिला मोठा धडा तिथे गिरवला गेला.

या वेळी मी नाशकात त्याच युद्धाच्या मागावर आलो होतो. युद्ध झालं हजारो किलोमीटर दूर, चीनच्या आणि कोरियाच्या भूमीवर. पण देवळाली, भगूर आणि जुनं नाशिक या विसेक किलोमीटरच्या पट्ट्यात ते दोन अगदी वेगळ्या डोळ्यांनी वाचलं गेलं. एक डोळा साहेबाचा, दुसरा साहेबाला घालवू पाहणाऱ्या पोरांचा.

आधी साहेबाचा. कॅम्पाचे रस्ते अजूनही छावणीचे वाटतात: रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. लॅम रोडवर आरोग्यधामं आणि कौलारू बंगले आहेत. मुंबईला जहाजातून उतरलेल्या गोऱ्या पलटणी आधी देवळालीला आणत आणि इथून देशभर पाठवत. मायदेशी परतणारे सैनिकही जहाजाची वाट पाहत इथेच तळ ठोकून असत. ही ओळख सर्वांना असते. त्यामानाने दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते. हिंदुस्थानातलं पहिलं स्टाफ कॉलेज, म्हणजे सेनाधिकाऱ्यांना युद्धाचे आराखडे आखायला शिकवणारी संस्था, १९०५ साली देवळालीत सुरू झाली. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांची ती कल्पना. १९०७ मध्ये संस्था क्वेट्ट्याला गेली. तिथली आजची पाकिस्तानी संस्था आपली वंशावळ देवळालीपासूनच सांगते.

किचनेर यांना झोप लागू न देणारा शत्रू कोण होता? रशिया. झारचे रूळ मध्य आशियातून अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या कुश्कापर्यंत येऊन भिडले होते. ओरेनबर्ग ते ताश्कंद हा दुसरा मार्ग बांधून होत आला होता. उद्या रशियन फौज हिंदुकुश ओलांडून आली तर काय करायचं, हा साऱ्या लष्करी तयारीचा पाया होता. सैन्याची सगळी नवी मांडणी किचनेर यांनी वायव्य सरहद्दीकडे तोंड करून केली. अशा वेळी हाच रशिया पूर्वेकडे एका आशियाई देशाकडून मार खात होता. देवळालीच्या मेसमध्ये त्या बातम्या कशा चवीने वाचल्या गेल्या असतील हे सांगायला साक्षीपुराव्याची गरज नाही.

भांडणाचं मूळ थोडं मागचं आहे. १८९५ मध्ये जपानने चीनला हरवून लिआओतुंग द्वीपकल्प मिळवला होता. रशियाने जर्मनी आणि फ्रान्स यांना सोबत घेऊन तो परत करायला लावला, आणि तीनच वर्षांनी त्याच द्वीपकल्पाच्या टोकाचं पोर्ट आर्थर स्वतः भाडेपट्ट्याने घेतलं. हा अपमान जपान विसरला नाही. मांचुरिया तुमचा आणि कोरिया आमचा अशी वाटणी करून पाहिली, ती जमली नाही. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री अॅडमिरल टोगो यांच्या टॉर्पेडो नौकांनी पोर्ट आर्थरवर हल्ला केला. युद्धाची रीतसर घोषणा त्यानंतर दोन दिवसांनी झाली. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी जपानी फौजेने यालू नदीवर रशियनांना मागे रेटलं आणि जगाने प्रथमच कान टवकारले. १९०५ च्या जानेवारीत पोर्ट आर्थर पडलं. मार्चमध्ये मुकडेनला दोन्ही बाजूंची मिळून सहा लाखांहून अधिक माणसं झुंजली आणि रशियन सेनापती कुरोपाटकिन यांना माघार घ्यावी लागली.

कॅम्पातून भगूरला जायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. कॅम्प कुठे संपला आणि गाव कुठे सुरू झालं हे रस्त्याच्या रुंदीवरून कळतं. दारणेकाठचं हे गाव बाजारपेठेचं. अरुंद रस्ता, भाजीच्या पाट्या, आणि त्यातूनच सावरकरांच्या वाड्याकडे वळणारी वाट. २८ मे १८८३ ला विनायक सावरकर यांचा जन्म इथला. वाडा आता स्मारक म्हणून जपला आहे. मी गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. बाई मुलांना रांगेत उभं करत होत्या आणि मुलांचं लक्ष लाकडी जिन्याकडे होतं.

वाड्यातून बाहेर पडताना जाणवतं ते अंतर. गोऱ्या पलटणींचा तळ इथून हाकेच्या अंतरावर. चाफेकर बंधूंच्या फाशीची बातमी ऐकून घरातल्या अष्टभुजा देवीसमोर सशस्त्र लढ्याची शपथ घेणारा मुलगा इंग्रजांची छावणी पुस्तकात पाहून मोठा झाला नव्हता. ती त्याच्या गावाच्या वेशीला लागून होती.

तारखांच्या योगायोगांना मी फार भाव देत नाही, पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. रशियाने बाल्टिक समुद्रातलं आपलं आरमार अॅडमिरल रोझेस्तवेन्स्की यांच्या हाताखाली अर्ध्या जगाला वळसा घालून पाठवलं. निघाल्या निघाल्या त्यांनी उत्तर समुद्रात इंग्रज मच्छीमारांच्या बोटींनाच जपानी समजून गोळे टाकले. पुढे मादागास्करला खोळंबा. वाटेत कुठल्याच इंग्रजी बंदरात कोळसा मिळायची सोय नव्हती, म्हणून डेकवरही कोळशाचे ढीग रचलेले. अशा अवस्थेत ते हिंदी महासागर कापून ८ एप्रिल १९०५ ला सिंगापूरसमोरून गेलं. २७ मेच्या दुपारी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत टोगो यांनी त्याला गाठलं. दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्या जहाजांनी पांढरं निशाण चढवलं. जपानच्या तीन टॉर्पेडो नौका बुडाल्या आणि शंभरावर माणसं गेली. रशियाचे चार हजारांहून जास्त खलाशी मेले, जवळपास सहा हजार कैद झाले. तो दुसरा दिवस २८ मे. फर्ग्युसन कॉलेजात शिकणाऱ्या सावरकरांना त्या दिवशी बावीस वर्षं पूर्ण झाली.

भगूरहून शहर बस नाशिकरोडमार्गे गावात येते. पूर्वी स्टेशन ते गाव असा घोड्यांच्या ट्रामचा मार्ग होता. आता त्याच दिशेने उड्डाणपूल आणि हॉर्न. रविवार कारंज्याला उतरून मी जुन्या नाशकात शिरलो. तिळभांडेश्वर गल्ली विचारत जावी लागते, आणि नाशिककर वाट सांगताना अर्धा रस्ता सोबत चालत येतात. प्लेगमध्ये वडील गेल्यावर सावरकर बंधू नाशकात आले. थोरले बाबाराव म्हणजे गणेश सावरकर यांनी संसार सांभाळला आणि या गल्लीच्या आसऱ्याने मित्रमेळा उभा राहिला, १९०० च्या सुमारास. वरकरणी गणेशोत्सव, शिवजयंती, व्याख्यानं. आत गुप्त मंडळ. पायांनी अधू असलेले गोविंद त्र्यंबक दरेकर म्हणजे कवी गोविंद मेळ्यासाठी कविता करत. १९०४ मध्ये या मेळ्याचं नाव अभिनव भारत झालं. मॅझिनीच्या 'तरुण इटली'वरून ते घेतलं होतं. त्याच वर्षी तिकडे यालू ओलांडली गेली होती.

गल्ली इतकी चिंचोळी की दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे यावं लागतं. इथे मंगळवारचा 'केसरी' आणि शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' यायचा. वाचणारा एक आणि ऐकणारे दहा. पिवळ्या म्हणून हिणवलेल्या माणसांनी गोऱ्या साम्राज्याला जमिनीवर आणि समुद्रात हरवलं, ही बातमी या पोरांना कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त बोलकी होती. हे एकट्या नाशकाचं नव्हतं. पंधरा वर्षांचे जवाहरलाल नेहरू इंग्लंडात पाऊल टाकून डोव्हरहून लंडनला चालले होते, तेव्हा आगगाडीत त्यांनी त्सुशिमाची बातमी वाचली आणि ते खूश झाले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्रातले जहाल आणि अलाहाबादच्या वकिलांचा मुलगा यांचं एकमत होण्याचे प्रसंग फार नाहीत.

पण इथेच एक विनोद दडलेला आहे, आणि तो कडू आहे. १२ ऑगस्ट १९०५ ला इंग्लंड आणि जपान यांनी आपल्या १९०२ च्या मैत्रीच्या कराराचं नूतनीकरण केलं. नव्या करारात पूर्व आशियाबरोबर हिंदुस्थानचंही नाव घातलं. हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठी इंग्लंड जे करील त्याला जपानने मान्यता दिली, आणि तिथे युद्ध पेटलं तर मदतीला येण्याचं बंधनही पत्करलं. बदल्यात कोरियात जपानला मोकळं रान. म्हणजे तिळभांडेश्वर गल्लीत ज्याचा जयजयकार चालला होता तो देश देवळालीच्या साहेबाचा राखणदार झाला होता. 'आशियाचा विजय' हे शब्द आजही उत्साहाने लिहिले जातात. माझा त्यावर विश्वास नाही. माणसं मेली चिनी शेतकऱ्यांच्या शेतांत, बक्षीस मिळालं कोरिया. ५ सप्टेंबर १९०५ ला अमेरिकेत पोर्ट्समथला तह झाला, मध्यस्थी केली म्हणून थिओडोर रूझवेल्ट यांना पुढच्या वर्षी नोबेल मिळालं, आणि दोनच महिन्यांत कोरिया जपानच्या 'संरक्षणा'खाली गेला.

जपानचा विजय पोरांना हिंमत देऊन गेला. हत्यार कसं करायचं याची शिकवणी मात्र त्यांनी हरलेल्या बाजूकडे लावली. झारच्या नव्हे, झारविरुद्ध उठलेल्या रशियनांकडे. युद्धातल्या पराभवाने रशियात १९०५ ची क्रांती पेटली होती आणि तिथून पळालेले कितीतरी क्रांतिकारक पॅरिसमध्ये राहत होते. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, आणि बंगालचे हेमचंद्र दास यांनी तिथे रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळवली. त्या माहितीची पुस्तिका लंडनच्या इंडिया हाऊसमधून प्रती काढून हिंदुस्थानात आली. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना पकडलं तेव्हा झडतीत साठ पानांचा दाट टाइप केलेला मजकूर सापडला. कलकत्त्याच्या क्रांतिकारकांच्या माणिकतळा बागेत सापडलेली पुस्तिका आणि ही, मजकूर एकच. रौलट समितीने आपल्या अहवालात मुद्दाम नोंदवलं आहे की नाशिकची प्रत जास्त पूर्ण होती आणि तिच्यात ४५ आकृत्या होत्या. त्याच झडतीत युरोपातल्या गुप्त मंडळांवरचं फ्रॉस्ट यांचं एक पुस्तकही मिळालं. त्यात रशियन निहिलिस्टांच्या संघटनेचं वर्णन आहे आणि पानोपानी खुणा केलेल्या होत्या.

सरकारी रशियाचं दारही ठोठावून झालं होतं. मुंबईत १९०० पासून रशियाची वकिलात होती. तिथले कॉन्सल क्लेम यांच्याकडे टिळकांनी माधवराव जाधव या तरुणाला रशियन लष्करी शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी शब्द टाकला. झारच्या सरकारला इंग्रजांशी नवं भांडण नको होतं. नकार आला आणि जाधव स्वित्झर्लंडला गेले. जपानचं कौतुक 'केसरी'त आणि मदतीची विचारणा जपानच्या शत्रूकडे, यात टिळकांना विसंगती वाटली नसणार. इंग्रजाला जो जो अडचणीत आणील तो कामाचा, एवढाच हिशेब. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखांत रशियाचा दाखला आहे, आणि त्या अग्रलेखांनी त्यांना सहा वर्षं मंडालेला धाडलं.

तिळभांडेश्वरातून विजयानंद नाट्यगृहाची जागा पायी गाठता येते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथे किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग होता. बदली होऊन मुंबईला निघालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाचे पाहुणे म्हणून आले होते. संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती. पण बाबारावांचा खटला त्यांच्याच हाताखालून पुढे गेला होता आणि जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. औरंगाबादेत शिकणाऱ्या, अठराच्या आसपास वयाच्या अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग जातीचं होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं पाठवली होती. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

नाशकात ही हकीकत बहुतेकांना पाठ असते. तिच्या शेजारी ठेवायची दुसरी हकीकत मला नाशकाच्या गल्लीत उभं असताना सारखी आठवत होती. जॅक्सन यांच्या खुनाच्या दोन महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ ला, हार्बिनच्या रेल्वे स्टेशनवर आन जुंग-गून या कोरियन तरुणाने इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. इतो म्हणजे जपानचे पहिले पंतप्रधान आणि कोरियावर नेमलेले पहिले जपानी अधिपती. ते आले होते रशियाच्या अर्थमंत्र्याला भेटायला. चार वर्षांपूर्वी एकमेकांचा जीव घेणारे आता मांचुरियाच्या वाटणीबद्दल गोडीगुलाबीने बोलणार होते. आन यांच्या हातातलं पिस्तूलही ब्राउनिंगच होतं. त्यांना २६ मार्च १९१० ला फाशी दिलं, ते पोर्ट आर्थरच्या तुरुंगात. ज्या बंदरासाठी एवढं रक्त सांडलं तिथेच. कान्हेरे फाशी गेले ते त्यानंतर चोविसाव्या दिवशी. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. कोरियन तरुणाच्या लेखी टोगोंचा देश जिथे उभा होता, नेमक्या तिथेच नाशिकच्या पोरांच्या लेखी इंग्लंड होतं.

१९०९ च्याच नोव्हेंबरात गांधी लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर 'हिंद स्वराज' लिहीत होते. त्यातला 'वाचक' जपानसारखं आरमार आणि फौज हवी म्हणतो, आणि गांधी त्याला फटकारतात: तुला वाघ नको, पण वाघाचा स्वभाव हवा आहे. लंडनमधल्या हिंदी तरुणांशी झालेल्या वादातून ते पुस्तक आलं.

देवळालीचा धागा एवढ्यावर संपत नाही. किचनेर यांना ज्याची धास्ती होती त्याच, युद्धात पोळलेल्या रशियाने ३१ ऑगस्ट १९०७ ला इंग्लंडशी करार करून इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दलचं भांडण मिटवलं. रशिया आणि जपान यांचं वैर मात्र जिरलं नाही. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीपाशी झुकॉव्ह यांनी जपानी फौजेचा धुव्वा उडवला, १९४१ च्या एप्रिलमध्ये दोघांनी तटस्थतेचा करार केला, आणि ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत रणगाडे मांचुरियात शिरून पोर्ट आर्थर पुन्हा घेऊन मोकळे झाले. तेव्हा हातची गेलेली कुरील साखळीतली दक्षिणेची बेटं जपान आजही मागतो. त्या वादापायी दुसऱ्या महायुद्धाचा शांतता तह या दोन देशांत आजवर झालेला नाही.

दुपारनंतर आग्रा रस्त्याने ओझरला निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मग कारखान्याची लांबच लांब भिंत. आत जाता येत नाही आणि फोटो काढू नये अशी पाटी आहे, तेव्हा रस्त्यापलीकडच्या हॉटेलात मिसळ खात बसलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ चा. सोव्हिएत संघाशी मिग विमानांचा करार झाला तेव्हा इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकला अशी वाटणी झाली. चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशकातूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. ओझरच्या कारखान्याचं श्रेय नाशिककर त्यांना देतात आणि त्यात काही चूक नाही. मिग-२१ इथे बनलं, पुढे मिग-२७ आणि मग सुखोई-३०. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. भारताकडे असलेल्या सुखोईंपैकी दोनशेहून अधिक ओझरच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडाल्या. हॉटेलवाल्याला विमानाचा आवाज ऐकून जात ओळखता येते, किमान तो तसा दावा करतो.

जपानच्या उत्तरेकडे रशियन विमानं दिसली की जपानी वैमानिकांना तातडीने उडावं लागतं, हे आजही चालू आहे. त्या रशियन विमानांत सुखोईही असतात. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय हवाई दलाच्या चार सुखोई-३० टोक्योजवळच्या हयाकुरी तळावर उतरल्या. 'वीर गार्डियन' नावाचा भारत आणि जपान यांच्या लढाऊ विमानांचा तो पहिला संयुक्त सराव. रशियन आराखड्याची लढाऊ विमानं पाहुणी म्हणून आली आणि जपानी वैमानिकांनी आपल्या एफ-२ आणि एफ-१५ घेऊन दहा-बारा दिवस त्यांच्याशी आकाशात झुंजून पाहिलं.